लंडनच्या रंगमंचावर अजिंठा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, महाजनक जातकाच्या चित्रात, एक नर्तकी आहे. भोवती बासरी, झांजा वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. तिची मुद्रा आपल्याला दिसते. पण ती या मुद्रेपर्यंत कशी आली, पुढचं पाऊल कुठे टाकणार, हे भिंत सांगत नाही. मंडळी, ही अडचण १९२३ साली लंडनमध्ये एका रशियन नर्तिकेपुढेही उभी राहिली होती.

ती म्हणजे अ‍ॅना पावलोवा. १९१४ नंतर ती मायदेशी परतलीच नाही. पुढे क्रांतीनंतर तिचा जुना रशियाही उरला नाही. १९२२-२३ च्या हिवाळ्यात ती हिंदुस्थानात नाचून गेली. त्याआधीच, १९१५ मध्ये, लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस आदींच्या मदतीने केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींचं पुस्तक लंडनमध्ये निघालं होतं. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि चित्रं वाचवण्यासाठी त्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले होते.

सप्टेंबर १९२३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला पावलोवाने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रं’ हा बॅले सादर केला. नृत्यरचना इव्हान क्लुस्तिन यांची, संगीत अलेक्झांडर चेरेपनिन यांचं. जॉर्जिया सोव्हिएतांच्या हाती गेल्यावर चेरेपनिन यांचं कुटुंब पॅरिसला आलं होतं. म्हणजे परागंदा माणसं परक्या शहरात आपल्या डोंगरातली चित्रं नाचवत होती! पण मुद्रा अजिंठ्याच्या आणि पावलं बॅलेची. हा बॅले आज कुणी करत नाही.

त्याच हंगामात पावलोवाने आणखी एक गोष्ट केली. लंडनमध्ये चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकर या तरुणाला तिने नृत्यं बसवायला सांगितली. ‘राधा-कृष्ण’मध्ये ती स्वतः राधा झाली, तो कृष्ण. त्याला बॅले शिकायचा होता. तिने त्याला आपल्या देशाची परंपरा शोधायला सांगितलं. पुढे स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर यांच्यासह तो भारतभर हिंडला, शिल्पं आणि नृत्यं पाहिली. जानेवारी १९३१ मध्ये पावलोवा वारली आणि मार्चमध्ये उदय शंकरच्या नृत्यसंचाचा पॅरिसला पहिला प्रयोग झाला. त्यात सिम्की ही फ्रेंच नर्तिका होती. बोनरबाईंनी तर पुढे वेरूळच्या शिल्पांची रचना अभ्यासून १९६२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

मला यात एक फरक दिसतो. पहिल्या प्रयोगात आपली चित्रं घेतली गेली. दुसऱ्यात माणूस बोलावला गेला. पहिला थांबला, दुसऱ्याला वाट फुटली. आपल्या शहरात १९९६ पासून महागामी गुरुकुलात कथक आणि ओडिसी शिकवलं जातं. परदेशी पाहुणे अजिंठा-वेरूळ पाहायला येतातच. त्यांना भिंतीवरची नर्तकी दाखवताना, इथे नाचणाऱ्या मुलींचीही ओळख करून द्यायला हवी. पुढचं पाऊल त्यांच्याकडे आहे.