काळ्या जाळीची गोष्ट

काळी, चकचकीत, तिरक्या चौकटींची ती नक्षी आता कुठे दिसत नाही ते सांगा! हेल्मेटवर आहे, मोबाईलच्या कव्हरवर आहे, घड्याळाच्या तबकडीवर आहे. झालंच तर गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मीटरवर मिळणाऱ्या स्टिकरच्या रोलवरही आहे. तिथे 'कार्बन दाखवा' म्हटलं की दुकानदार तो रोलच पुढ्यात टाकतो. त्यात कार्बन फायबर औषधालाही नसतं. नुसतं प्लॅस्टिक आणि त्यावरची नक्षी.

पण लोक एखाद्या गोष्टीची नक्कल करतात म्हणजे मूळ गोष्टीला काहीतरी भाव असणार. सोन्याचा मुलामा देतात, पत्र्याचा मुलामा कुणी देत नाही. स्पोर्ट्स कारसाठी खऱ्या कार्बन फायबरची बॉनेट, स्पॉयलर, आरशांची कव्हरं हातानं बनवून विकणारा एक अख्खा धंदा या जाळीवर उभा आहे. गेले दोन-तीन वीकेंड त्याचा इतिहास चाळत होतो. त्यात एक मजा सापडली. ज्यांनी हे कापड रेसच्या गाडीत आणलं त्यांना ही जाळी कुणाला दिसावी अशी काडीचीही इच्छा नव्हती.

आधी थोडं मागे जाऊ. कार्बनचा धागा तसा जुनाच. १८८० च्या सुमाराला एडिसननं बांबूचे तंतू जाळून दिव्याच्या तारा केल्या होत्या, पण त्या उजेडासाठी, ताकदीसाठी नव्हे. ताकदीची गोष्ट सुरू झाली १९५८ मध्ये. अमेरिकेत युनियन कार्बाईडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना ग्रॅफाईटचे केसासारखे तंतू मिळाले आणि ते अफाट मजबूत निघाले. पाठोपाठ ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या पॉलिमरपासून कार्बनचा धागा काढला. नाव ऐकून घाबरू नका, थंडीत आपण जे अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर घालतो त्याच्याच घराण्यातला हा पदार्थ. तो आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजायचा आणि मग ऑक्सिजन लागू न देता हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकीचं सगळं उडून जातं, उरतो जवळपास शुद्ध कार्बन. जाडी पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. १९६३-६४ मध्ये इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा ताणून धरून भाजला, आणि त्याची ताकद कुठल्या कुठे गेली.

यानंतर इंग्रजांनी हर्षवायू झाल्यासारखं केलं. रोल्स-रॉइसनं आरबी२११ या विमानाच्या इंजिनाची पुढची पाती कार्बन फायबरची करायला घेतली. पक्षी धडकला तर काय होईल हे पाहण्यासाठी कोंबडी मारून बघतात (खरंच!), त्या चाचणीत पात्यांचे तुकडे झाले. पाती पुन्हा टायटॅनियमची करावी लागली. इंजिनाचा एकूण खर्च आधीच हाताबाहेर गेला होता आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. दोष एकट्या कार्बनचा नव्हता, पण नाव बदनाम व्हायचं ते झालं. त्याच वर्षी जपानमध्ये 'तोरे' कंपनीनं या धाग्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं आणि तो विकला गेला कशासाठी? मासे पकडायच्या गळाच्या काठ्या आणि गोल्फचे दांडे! साहेब विमानाच्या मागे लागून बुडाला आणि जपान्यानं काठ्या विकून कारखाना चालवला. पुढे गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

गाडीतला खरा प्रवेश १९८१ चा. मॅकलॅरेनच्या जॉन बर्नार्ड यांनी फॉर्म्युला वनच्या गाडीचा सांगाडाच कार्बनचा करायचं ठरवलं. इंग्लंडात धड कुणी तयार होईना. शेवटी अमेरिकेत युटा राज्यातल्या हर्क्युलिस या कंपनीनं तो बनवून दिला. या कंपनीचं मूळ काम रॉकेटं आणि क्षेपणास्त्रांचं. कार्बनचे दोन पातळ थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं सारण. गाडीचं नाव एमपी४/१. आजूबाजूचे जाणकार मान हलवत होते. आपटली तर काळी पूड होईल, ड्रायव्हर गेला समजा.

सप्टेंबर १९८१ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी वळणावर सुटली आणि मागच्या बाजूनं कठड्यावर आदळली. इंजिन तुटून वेगळं झालं. टीव्हीवर पाहणाऱ्यांनी वॉटसनची आशाच सोडली असेल. तो बाहेर आला आणि चालत निघून गेला. त्या क्षणानंतर कार्बनवर वाद घालणं जवळजवळ संपलंच. काही वर्षांत सगळ्या संघांचे सांगाडे कार्बनचे झाले. आणि हे सगळं होतं रंगाखाली! वॉटसनला वाचवणारं कापड कसं विणलंय ते प्रेक्षकांतल्या एकालाही दिसत नव्हतं.

रस्त्यावरच्या गाडीत जाळी दिसली ती १९८७ च्या फेरारी एफ४० मध्ये, आणि तीही योगायोगानं. वजन वाचवायचं म्हणून बॉडी केवलार आणि कार्बनच्या कापडाची केली, आणि वजन वाचवायचंच म्हणून रंगही पातळ मारला. इतका पातळ, की लाल रंगाखालून कापडाची वीण डोकावते. एखाद्या साध्या कारखान्यात हा माल 'फिनिशिंग नीट नाही' म्हणून परत आला असता. पण गाडी फेरारी, त्यामुळे लोक जवळ जाऊन ती वीण बोटानं दाखवायला लागले. माझ्या मते या धंद्याचा जन्म तिथे झाला. जाळी दिसते म्हणजे गाडी रेसची, हे समीकरण तिथे डोक्यात बसलं.

त्याच वर्षी, तिथून फार लांब नाही, लॅम्बोर्गिनीत ओरासिओ पगानी नावाचा अर्जेंटिनाहून आलेला तरुण कुंताशची कार्बनवाली प्रायोगिक आवृत्ती तयार करत होता. ती झाली नेहमीच्या गाडीपेक्षा शेकडो किलोंनी हलकी. त्यानं कंपनीकडे ऑटोक्लेव्ह मागितला. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर. आत उष्णता आणि टायरमधल्या हवेच्या तिप्पट-चौपट दाब. या दाबानं कापडाचे थर एकमेकांत घट्ट बसतात आणि हवेचे बुडबुडे राहत नाहीत. साहेबांनी नकार दिला. कारण काय, तर फेरारीकडे कुठे आहे? असं पगानीच सांगतो. (ज्यानं ऑफिसात कधी नव्या सर्व्हरसाठी मंजुरी मागितली आहे त्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल :) ) पठ्ठ्यानं कर्ज काढून स्वतःच ऑटोक्लेव्ह घेतला, पुढे नोकरी सोडली, आणि १९९९ मध्ये झोंडा ही स्वतःची गाडी जिनिव्हात मांडली. २०११ मध्ये लॅम्बोर्गिनीनं अव्हेंटाडोरचा सांगाडा कार्बनचा केला ते पाहून त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

पगानीनं जाळीला दागिन्याचा दर्जा दिला. त्याच्या गाडीवर डावीकडची वीण आणि उजवीकडची वीण मध्यरेषेवर बाणासारखी जुळते. शिंपी चांगला असला की खिशाची रेघ शर्टाच्या रेघेला जुळवतो, तसं. याचा ताकदीशी काही संबंध नाही. उलट इंजिनिअरच्या दृष्टीनं विणलेलं कापड म्हणजे थोडा तोटाच. विणताना धागा वर-खाली जातो आणि वळला की त्याची ताकद थोडी वाया जाते. जिथे जोर हवा तिथे एका दिशेनं सरळ ठेवलेले धागे जास्त चांगले, पण ते दिसायला साध्या काळ्या पट्टीसारखे. म्हणजे आपण ज्याला 'खरं कार्बन' म्हणून भुलतो ते त्याचं सगळ्यात ताकदवान रूप नव्हेच.

असो. पगानीची गाडी आपल्यापैकी किती जण घेणार? मोठा धंदा झाला जपानमध्ये. तिथे फायबरग्लासचे बंपर-स्पॉयलर हातानं बनवणारी छोटी वर्कशॉप आधीपासून होती, धागा घरचाच होता, आणि १९९५ मध्ये गाडीत बदल करण्याचे नियमही सैल झाले. साचे तेच, हात तेच, फक्त वरचं कापड बदललं. 'ड्राय कार्बन' आणि 'वेट कार्बन' हे शब्दही तिथल्या ट्यूनर मंडळींनी रुळवले. ड्राय म्हणजे रेझिन आधीच मुरवलेलं कापड फ्रीजरमध्ये साठवायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये शिजवायचं. वेट म्हणजे साच्यात कापड अंथरायचं आणि ब्रशनं रेझिन लावायचं.

हे वेटचं काम मी भोसरीत एका शेडमध्ये पाहिलंय. गाडीच्या बॉनेटचं नव्हे, कॉलेजच्या मुलांच्या रेसिंग कारचं नाक होतं, पण पद्धत तीच. पेणला गणपतीच्या साच्याला आतून हात फिरवतात तसा साच्याला मेणाचा हात. मग कापड. जीन्सच्या कापडासारखी तिरकी वीण, प्रत्येक पट्टीत तीन हजार तंतू. ते इतकं अस्थिर असतं की एका कोपऱ्याला ओढलं की दुसऱ्या टोकाची रेघ वाकडी. एक मुलगा अर्धा तास नुसता हाताच्या तळव्यानं एक वळण बसवत होता. रेघ वाकली तरी भाग तितकाच मजबूत होणार होता, पण तो म्हणाला, "सर, वाकडं दिसलं तर सगळे म्हणणार काम कच्चं आहे." नंतर घासताना बारीक काळी पूड उडते. ती त्वचेत टोचते आणि श्वासातून जाऊ नये म्हणून मास्क लागतोच. त्याच्या मनगटाच्या वर पुरळ उठलेलं होतं. बॉनेट महाग का, याचं अर्धं उत्तर त्या अर्ध्या तासात आहे. कापडाची किंमत असतेच, पण आपण खरे पैसे देतो ते रेघा सरळ ठेवणाऱ्या हाताला.

आणि नेमकी इथेच लबाडीला जागा होते. ग्राहकाला वरचा एक थरच दिसतो ना? मग खाली फायबरग्लास भरा. थोडा हिशोब करू. बॉनेटचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर धरला तर एका चौरस मीटरचं वजन होतं साडेपाच किलो. नीट बनवलेलं कार्बन दीड मिलिमीटर जाडीला जेमतेम अडीच किलो. आता वर कार्बनचा एक थर आणि खाली फायबरग्लास असं तीन मिलिमीटरचं जाड काम घ्या, साडेचार किलो. म्हणजे एवढे पैसे मोजून चौरस मीटरमागे एक किलो वाचला! विकत घेणाऱ्यानं बॉनेट उलटं करून पाहावं. खालून पांढरट, लोकरीसारखी चटई दिसली, किंवा सगळं काळ्या रंगानं झाकलेलं असलं, तर काय ते समजावं.

वजन गेलं चुलीत, पण जिवाचं काय? २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला आणि काळं बॉनेट ही तरुण मुलांची हौस झाली. तैवान आणि चीनमधून स्वस्त माल यायला लागला. कंपनीच्या पत्र्याच्या बॉनेटला आतून जी चौकट असते ती धडकेत ठरलेल्या जागी दुमडावी अशी मुद्दाम बनवलेली असते, म्हणजे बॉनेट काचेतून आत येत नाही. स्वस्त नकलेत ती नुसती दिसण्यापुरती असते. बिजागरी आणि कडीचा हूक जर पातळ थरात नुसता चिकटवलेला असेल तर हायवेवर वारा आतून उचलतो आणि बॉनेट उघडून काचेवर आदळतं. म्हणून अशा बॉनेटला वरून दोन जास्तीच्या पिना लावायला सांगतात. पुढे पिनांचीसुद्धा फॅशन झाली. ज्या कापडानं मोंझाला माणूस वाचवला, त्याच कापडाच्या नावाखाली हे विकलं जात होतं, याचा मला राग येतो.

कंपन्यांनीही हवा ओळखली होती. निसाननं २००० मध्ये स्कायलाईन जीटी-आर आर३४ च्या व्ही-स्पेक २ ला कारखान्यातूनच कार्बनचं बॉनेट दिलं. बीएमडब्ल्यूनं २००३ च्या एम३ सीएसएलला कार्बनचं छत दिलं. त्यात सहा किलो वाचले, पण तेही गाडीच्या सगळ्यात उंच भागातले, त्यामुळे फायदा खरा. आणि त्यावर रंग न मारता नुसतं पारदर्शक लॅकर मारलं. तोपर्यंत जाळी झाकणं परवडण्यासारखं राहिलं नव्हतं.

मग २०१० मध्ये लॅम्बोर्गिनीनं कॅलावे या गोल्फच्या काठ्या करणाऱ्या कंपनीबरोबर (पुन्हा गोल्फ!) नवीच पद्धत काढली. कापड विणायचं, अंथरायचं, रेघा जुळवायच्या, ही भानगडच नको. कार्बनचे बारीक तुकडे रेझिनमध्ये कालवून तापलेल्या साच्यात यंत्रानं दाबायचे, काही मिनिटांत भाग तयार. सेस्तो एलेमेंतो या ९९९ किलोंच्या गाडीत ते आधी आलं. दिसायला जाळी नाही, संगमरवरासारखे वेडेवाकडे काळे-करडे ठिपके. तो हातावर पुरळ उठलेला मुलगा या पद्धतीत लागतच नाही.

पण झालं असं, की हे 'फोर्ज्ड' रूपही लोकांना आवडलं. यंत्र आणि साचे छोट्या वर्कशॉपला परवडत नाहीत. मग त्यांनी काय करावं? कात्रीनं कार्बनच्या धाग्याचे तुकडे करायचे, रेझिन लावलेल्या साच्यावर हातानं एकेक टाकायचे, आणि ठिपके कुठे जास्त गर्द झाले नाहीत ना हे पाहत बोटानं सरकवायचे. आरशाच्या एका कव्हरला यात बराच वेळ जातो. आणि हो, त्या नक्षीचाही स्टिकर आलाय, मीटरवर मिळतो.