जबड्याची पेशी म्हणजे नेमकी कोणती?

कूर्चेच्या ऊती-अभियांत्रिकीवरचा कुठलाही पेपर उघडा. 'पद्धती' या भागात एक वाक्य हमखास सापडतं: कूर्चेचे बारीक तुकडे केले, कोलॅजिनेजमध्ये रात्रभर ठेवले, गाळून पेशी मोजल्या. आपण ते वाचतो न वाचतो आणि निकालांकडे वळतो. पण या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. तुम्ही या विषयात उतरणार असाल, तर तो आधी समजून घ्या. कारण प्रयोगाचं बरंचसं भवितव्य याच वाक्यात ठरतं.

मुळात कूर्चेतून पेशी काढायच्याच कशाला? विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की सांध्याची कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात, त्यामुळे दुरुस्तीची यंत्रणाच तोकडी. मग थोड्या पेशी बाहेर काढून वाढवायच्या आणि त्यांच्याकडून नवी ऊती घडवून घ्यायची, हा विचार साहजिक होता. अडचण एवढीच की या पेशी दाट जाळ्यात एकेकट्या गाडल्यासारख्या असतात.

१९१६ मध्ये पेटन राउस आणि जोन्स यांनी ट्रिप्सिन वापरून जिवंत पेशी सुट्या करण्याची पद्धत मांडली. १९५२ मध्ये मॉस्कोना दांपत्याने याच विकराने कोंबडीच्या भ्रूणातल्या कोवळ्या अवयवांच्या पेशी वेगळ्या केल्या. भ्रूणाच्या ऊतीत हे जमतं, पण प्रौढ कूर्चेत एकटं ट्रिप्सिन पुरत नाही. ते इतर प्रथिनं तोडतं, कोलॅजनचा तिपेडी दोर मात्र त्याला दाद देत नाही. त्यासाठी लागणारी कात्री 'क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम' या जिवाणूकडे होती. त्याचं कोलॅजिनेज १९५३ मध्ये वेगळं करून तपासलं गेलं आणि पुढे पेशी सुट्या करण्याचं ते नेहमीचं साधन बनलं. १९६५ मध्ये ऑड्री स्मिथ यांनी प्रौढ सस्तन प्राण्यांच्या कूर्चेतून सुट्या केलेल्या पेशी गोठवूनही टिकतात, हे दाखवलं.

म्हणजे पेशी मिळाल्या, प्रश्न सुटला? नाही. १९६० मध्ये होल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुट्या केलेल्या कूर्चापेशी वाढवत गेलं की त्या आपली ओळख हरवतात. प्लेटला चिकटून त्या पसरट होतात आणि टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजन बनवू लागतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी अशा पेशी अगॅरोजच्या जेलमध्ये ठेवल्या. तिथे त्या गोल झाल्या आणि पुन्हा टाइप २ कोलॅजन बनवू लागल्या. पेशी कुठून आली याइतकंच ती कशात ठेवली, हेही महत्त्वाचं ठरलं.

आता जबड्याकडे येऊ. कानाच्या अगदी पुढे असलेल्या या सांध्यात खालच्या जबड्याचं गोल टोक, म्हणजे कंडाइल, आणि वरच्या हाडाची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. ती खराब झाली की काही रुग्णांमध्ये प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची चकती बसवली जाई. त्या चकत्या झिजल्या, कणांमुळे तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि हाड झिजत गेलं. १९९० च्या अखेरीस अमेरिकेच्या एफडीएने धोक्याचा इशारा दिला. जिवंत ऊतीचा शोध किती निकडीचा होता, हे यावरून कळेल.

१९९४ मध्ये पुएलाखर आणि सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या स्कॅफोल्डवर कूर्चापेशी वाढवल्या. पण त्या पेशी जबड्याच्या नव्हत्या, गुरांच्या दुसऱ्या सांध्यांतल्या होत्या. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग यांच्या गटाने २३ रुग्णांच्या गुडघ्यांत त्यांच्याच पेशी बसवल्याचं प्रसिद्ध केलं. साधनं, पद्धती, आत्मविश्वास, सगळं गुडघ्याकडून येत होतं.

जबड्याची कूर्चा मात्र गुडघ्यासारखी नाही. कंडाइलच्या पृष्ठभागावर टाइप १ कोलॅजनचा तंतुमय थर असतो, त्याखाली विभाजन पावणाऱ्या पेशी आणि त्याखाली खऱ्या अर्थाने कूर्चापेशी. अख्खी टोपी खरवडून कोलॅजिनेजमध्ये टाकली, तर नळीत उतरते ती या सगळ्यांची भेसळ. चकतीतही तंतुपेशींसारख्या आणि कूर्चापेशींसारख्या अशा दोन्ही पेशी असतात. २००९ मध्ये डेटामोर यांच्या गटाने डुकराच्या कंडाइलमधल्या पेशींची घोट्याच्या गुळगुळीत कूर्चेतल्या पेशींशी तुलना केली, आणि तंतुकूर्चा घडवण्यात घोट्याच्या पेशी सरस ठरल्या!

मग जबड्याच्या पेशी निकामी म्हणायच्या का? २०१६ मध्ये एम्ब्री आणि माओ यांच्या गटाने कंडाइलच्या त्याच वरच्या तंतुमय थरात मूळपेशी असल्याचं दाखवलं. उलट २०१८ मध्ये अथानासिऊ यांच्या गटाने छोट्या डुकरांच्या चकतीतली इजा बरी करण्यासाठी बरगडीच्या कूर्चेतल्या पेशींपासून ऊती बनवली. एका गटाने सांध्याच्या आतच शोध घेतला, दुसऱ्याने बाहेरून पेशी आणल्या, आणि दोघांनाही काही ना काही सापडलं. हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

म्हणून प्रस्ताव लिहिताना केवळ 'जबड्याच्या कूर्चेच्या पेशी' एवढ्यावर थांबू नका. कंडाइल की चकती, कोणता थर, प्राणी कोणता आणि किती वयाचा, कोलॅजिनेजची मात्रा आणि वेळ किती, कितव्या पॅसेजच्या पेशी वापरल्या, हे लिहा. सुट्या केल्यावर ट्रिपॅन ब्लूने किती पेशी जिवंत आहेत ते मोजाच, पण जिवंत असणं आणि ओळख टिकवून असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टाइप १ आणि टाइप २ कोलॅजन पहिल्या दिवशी तपासा, पुढच्या प्रत्येक पॅसेजलाही तपासा. नाहीतर सहा महिन्यांनी ऊती कमकुवत निघेल आणि दोष स्कॅफोल्डचा होता की पेशींचा, हे सांगायला तुमच्याकडे काहीच आधार नसेल.