चौथा भाग : त्रिरश्मीच्या शिलालेखापासून परळच्या चाळीपर्यंत

नाशिकनजीकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काडीमात्र संबंध नाही; परंतु नाव रूढ झाले ते झाले. त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दीनिकपुत्र उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी ४२ व्या वर्षाचा, वैशाख मासाचा जो लेख आहे, त्याकडे कलेच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. त्यात ना बुद्धरूपाचे वर्णन, ना राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती. त्यात आहे तो हिशेब.

हे लेणे उषवदाताने चातुर्दिश भिक्षुसंघाला अर्पण केले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे ज्याचे मूळ कधी मोडावयाचे नाही असे भांडवल. ही रक्कम त्याने विहाराच्या पेटीत ठेवली नाही. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तिची ठेव केली : एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक पडिक या दराने, दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण पडिक या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ वाढ, म्हणजे व्याज, उपभोगावयाची, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत. दुसऱ्या ठेवीतून ‘कुशणमूल’ द्यावे. या शेवटल्या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही.

वाचकांनी येथे क्षणभर पाटी-पेन्सिल हाती घ्यावी. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस कार्षापण. बारा महिन्यांचे २४० होतात. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा कार्षापण, म्हणजेही २४० च. एक कार्षापण उणा नाही की अधिक नाही. दुसऱ्या ठेवीचे महिन्यास साडेसात, म्हणजे वर्षास नव्वद. ज्याने हे दान केले त्याने, अथवा त्याच्या कोणा लेखकाने, आधी वर्षाचा खर्च मांडला, त्याला महिन्यांनी भागले आणि तेवढे उत्पन्न देणारे मुद्दल किती लागेल ते उलट काढले. चीवराचा खर्च वर्षातून एकदा येणारा, आणि वाढ महिन्याच्या हिशेबाने चढणारी. या दोहोंचा मेळ घालणे यालाच आपण आज अंदाजपत्रक म्हणतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविला गेला, असेही लेख सांगतो. दान देणाऱ्याच्या श्रद्धेविषयी काय म्हणावयाचे ते म्हणा, पण त्याचा व्यवहार तोंडी नव्हता.

असे लेख एकटेदुकटे नाहीत. याच डोंगरावर पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अक्षयनीवी ठेवली. ती ज्या श्रेणींकडे ठेवली त्यांत तिळाचे तेल गाळणारेही होते. जुन्नर आणि कान्हेरी येथेही अशा ठेवींचे लेख आहेत. कोष्टी, तेली, बुरूड, कासार या कष्टकरी कारागिरांच्या संघटना त्या काळी ठेवी सांभाळीत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या मुद्दल न मोडता व्याज देत राहतील इतका विश्वास लोकांना त्यांच्याविषयी होता. पुढल्या काळात याच जातींना जे स्थान देण्यात आले ते पाहता ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

परंतु उषवदात राजकुळातला. त्याच्या दानाचा सामान्य गृहस्थाला काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अयोग्य म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर लेण्यांत नसून सुत्तांत आहे.

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा येते. कक्करपत्त या गावी तो तथागतांना भेटतो आणि संकोच न ठेवता सांगतो की, आम्ही बायकापोरांत राहणारे, काशीचे चंदन लावणारे, सोने-चांदी हाताळणारे लोक; आम्हाला झेपेल असे काही सांगा. तथागतांनी त्याला संसार सोडावयास सांगितले नाही. इहलोकीच्या हितासाठी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगातील दक्षता, आरक्खसंपदा म्हणजे मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता आणि समजीविता. यांतील चौथी गोष्ट आपल्या विषयाचा गाभा होय. आय किती व व्यय किती हे ओळखून, आय व्ययाच्या वर राहील आणि व्यय आयेच्या वर जाणार नाही, अशा बेताने जगणे म्हणजे समजीविता. त्यासाठी दिलेला दृष्टान्त सोनाराचा आहे. तराजू धरताच त्याला कळते की पारडे इतके झुकले, इतके उचलले. अल्प उत्पन्नात थाटाने राहणारा मनुष्य उंबर खाणाऱ्यासारखा : मूठभर फळांसाठी सारे झाड झोडपणारा. मोठे उत्पन्न असून हलाखीत राहणाराही तेथे निंद्यच ठरला आहे.

हा दुसरा भाग आपले प्रवचनकार बहुधा गाळतात. संयुत्त निकायात श्रावस्तीच्या एका निपुत्रिक श्रेष्ठीची हकीकत आहे. त्याच्या मृत्यूनंतर कोसलराज प्रसेनजिताने ऐंशी लक्ष सुवर्ण राजवाड्यात आणविले. आणि तो श्रेष्ठी जिवंतपणी कण्यांचा भात आंबट पेजेबरोबर खात होता, मोडक्या रथातून पानांची छत्री धरून फिरत होता! स्वतःला, घरच्यांना, चाकरांना, श्रमणांना, कोणालाच ज्याचा उपयोग झाला नाही, असे ते धन. धम्माच्या दृष्टीने ही बचत नव्हेच.

मग बचत कोणती? दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तिचे प्रमाणच दिलेले आहे. मधमाशी जसा मध गोळा करते तसे, फुलाला इजा न करता, धन जमवावे. ते वारुळासारखे कणाकणाने वाढते. मग त्याचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी, आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवावा. यात दानाचा भाग कोठे, ही शंका पूर्वीच्या आचार्यांनाही आली असावी. अट्ठकथेने दानाला पहिल्या भागातच जागा दिली आहे. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. दान आपल्या चैनीतून कापावे. मुलांच्या आजारपणासाठी ठेवलेल्या चौथ्या भागाला त्यासाठी हात लावू नये.

याच सुत्तात धन गळून जाण्याची सहा द्वारे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी रस्त्यात भटकणे, तमाशे-जत्रांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस. मद्यपानाच्या दुष्परिणामांत पहिला क्रमांक रोगाचा किंवा कलहाचा नाही. डोळ्यांदेखत होणाऱ्या धनहानीचा आहे.

चौथ्या भागावर एवढा भर का, याचे कारण ऋणात आहे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अनणसुख, म्हणजे कर्ज नसल्याचे सुख, हे एक स्वतंत्र सुख मानले आहे. अंगुत्तर निकायात अन्यत्र दुःखाची एक साखळीच उलगडून दाखविली आहे : दारिद्र्य, त्यातून ऋण, त्यातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग, शेवटी बंधन. संघाचा विनयही या बाबतीत कठोर आहे. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात त्यांत ‘तू अनृणी आहेस ना?’ हा एक आहे. कर्जदाराला प्रव्रज्या नाही. जो स्वतःचाच धनी राहिलेला नाही त्याने गृहत्याग कशाचा करावयाचा?

येथवर सर्व ठीक. पण प्राप्तीचे चार भाग करावयाचे तर प्राप्ती पोटाला पुरून उरावी लागते. गहपती हा शब्दच मुळी शेतीवाडी आणि व्यापारउदीम असलेल्या माणसाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी अर्थशास्त्रातील हे साधे सत्य मांडलेच आहे : भांडवल बचतीतून येते आणि बचत शिलकीतून. जेथे शिल्लकच नाही तेथे काटकसरीचा उपदेश हा उपहास ठरतो. महारवतनाचा विचार करा. गावकीच्या राबणुकीचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, सुगीत, देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. त्या जिण्यात महिना हे हिशेबाचे मापच नव्हते. महिन्याचा पगार ही गोष्ट या समाजाला भेटली ती पलटणीत, रेल्वेत, गोदीत आणि गिरणीत.

पगार आला, पण त्याबरोबर सावकारही आला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने शिरास यांच्या देखरेखीखाली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे तीत आढळले. रुपयास महिना एक आणा हा त्या काळचा परिचित व्याजदर. म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर! गोवर्धनच्या कोष्ट्यांचा दर वर्षाला शेकडा बारा आणि नऊ होता, हे शेजारी मांडून पाहावे.

याच मुंबईत, परळच्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत, आपल्याला हवे असलेले उदाहरण घडले. सुभेदार रामजी निवृत्तिवेतनावर घर चालवीत. भीमरावांना पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला की ते विवाहित लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत, आणि निवृत्तिवेतन हाती येताच दागिना सोडवून परत करीत. चरित्रकारांनी ही हकीकत पितृप्रेमाची म्हणून नोंदविली आहे. ती तशी आहेच. पण तिच्यात महिन्याच्या तारखेची शिस्तही आहे. कर्ज घेतले ते उद्योगाच्या भागासाठी, उपभोगासाठी नव्हे. आणि त्याची मुदत पुढल्या निवृत्तिवेतनापर्यंतची. दागिना परत गेला नसता तर दुसऱ्या खेपेस लेकीच्या दारी जाता आले नसते.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. विद्यापीठाने दिलेली सवलत एवढीच, की त्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करावा. बडोद्याची नोकरी कशी सुटली ते सर्वश्रुत आहे. मुंबईत त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके थांबली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. वेतन दरमहा ४५० रुपये.

चाळीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. घर बदलणे, राहणीमान वाढविणे सहज शक्य होते, आणि लोकांनी ते स्वाभाविकच मानले असते. बिऱ्हाड परळच्याच दोन खोल्यांत राहिले. वेतनातून ठरलेली रक्कम रमाबाईंच्या हाती घरखर्चासाठी पडे. उरलेले लंडनसाठी बाजूला. ही विभागणी रमाबाईंनी निभावली म्हणून टिकली, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. तराजू धरणारा हात त्यांचा होता. ज्या पैशातून सुखाचे चार दिवस पाहता आले असते तो त्यांच्या डोळ्यांसमोर पतीच्या पुन्हा परदेशी जाण्यासाठी साठत होता, आणि त्या विरहाची किंमतही त्यांनाच मोजावयाची होती.

मार्च १९२० पर्यंत, म्हणजे सुमारे सोळा महिने, ही नोकरी चालली. सोळा महिन्यांचे सगळे वेतन एकत्र केले तरी ते ७२०० रुपये होते. त्यातून घर चालवून जे उरले ते लंडनला पुरणारे नव्हते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब निघाले. चार वर्षांच्या मुदतीतले सव्वा वर्ष तेव्हा शिल्लक होते.

दीघजाणूला सांगितलेल्या चार गोष्टींत समजीवितेच्या आधी कल्याणमित्तता आली आहे. स्वतः साठविलेल्या पैशाच्या बळावर मनुष्य मित्राकडे किती मागावयाचे ते नेमके सांगू शकतो, आणि मित्रालाही ते देता येते.