सीलबंद आयफोनला १ लाख ९० हजार डॉलर का मिळाले?

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात २००७ चा पहिला आयफोन १,९०,३७२ डॉलरला विकला गेला. मूळ किंमत फक्त ४९९ डॉलर, म्हणजे जवळपास ३८१ पट!

कारण काय? हे ४ जीबीचं मॉडेल होतं. १०० डॉलर जास्त दिले की ८ जीबी मिळायचं, त्यामुळे ॲपलने सप्टेंबर २००७ मध्येच ४ जीबी बंद केलं. त्यात खोक्याचं सीलही शाबूत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीलबंद ८ जीबीला ६३,३५६ डॉलरच मिळाले होते.

म्हणून आजचा फोन कपाटात ठेवून द्यायचा का? माझं मत, नको. आज एकेक मॉडेल कोट्यवधींनी खपतं, शिवाय बॅटरी पडून पडूनही खराब होते. मी तर माझ्या पहिल्या फोनचं सील दुकानातच फोडलं होतं!