ल्यूपस ओळखणारी नजर

दोन्ही गालांवर पसरलेला चट्टा, नाकाच्या कडेची घडी मात्र कोरी. ल्यूपसची ही खूण नर्सिंगला शिकताना आम्ही पाठ केली होती. फुलपाखराची ती उपमा 1840च्या दशकातली, व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रांची. तेव्हा हा निव्वळ कातडीचा आजार समजला जाई. 1872मध्ये मोरिट्झ कापोसींनी चट्ट्यांसोबत ताप, सांध्यांची सूज आणि रक्तक्षय नोंदवला. 1895पासून बाल्टिमोरच्या विल्यम ऑस्लरांनी लिहिलं, की कातडीवर काही नसतानाही आतले अवयव बिघडतात आणि दुखणं पुन्हापुन्हा उलटतं. यातलं बरंचसं ज्ञान रोग्याच्या खाटेपाशी उभं राहून, दिवसामागून दिवस पाहून मिळालेलं आहे.

रक्ततपासणी आली ती 1948मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज यांनी ल्यूपसची खूण असलेली एलई पेशी दाखवली. त्याच वर्षी, तिथंच, संधिवाताच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं गेलं. तरीही बाल्टिमोरच्या 1955च्या अभ्यासात, ल्यूपसच्या 99 रुग्णांपैकी चार वर्षांनी निम्मेच जिवंत राहतील असा हिशेब निघाला होता. स्टिरॉइड, मलेरियावरची क्लोरोक्विनच्या जातीची औषधं आणि डायलिसिस यांनी पुढं हे चित्र पालटलं.

वॉर्डात मला हा आजार शिकवला तो आमच्या थोरल्या सिस्टरांनी. त्या परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायला लावत. गढूळ झाली की ऍसिटिक ऍसिडचे थेंब टाकायचे. तरी निवळली नाही तर अल्ब्युमिन जातंय. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडाला सूज येते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. पायांवरची सूज, फेसाळ लघवी आणि वाढलेलं बीपी एवढंच काय ते बोलतं, आणि ते आधी टिपते ती नर्स.

पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची असत. आपल्या सावळ्या गालांवर लाली उमटत नाही. चट्टा काळपट दिसतो आणि वांग म्हणून सोडून दिला जातो. म्हणून मी बाकीचं विचारू लागले. विंचरताना केस हातात येतात का? तोंडात, टाळूला न दुखणारे व्रण आहेत? गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी पडतात? उन्हात गेल्यावर अंगावर उठतं, ताप येतो? गर्भ राहून पडलाय का? प्रत्येक उत्तर वेगळ्या डॉक्टरकडे गेलं तर प्रत्येकाला किरकोळ वाटतं. एका कागदावर आलं की आजार दिसतो.

दहापैकी नऊ रुग्ण बायका, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. घरी त्यांच्या थकव्याला आळस म्हणतात. माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, तसं म्हणू देऊ नका. तक्रारी एकत्र लिहा, लघवी तपासा, आणि बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही हे प्रत्येकीला घरी जाताना बजावून सांगा.