तळणीतलं मोहन

आमच्या मुलुंडात दिवाळीआधी रवा-मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा पिवळा डबा घेऊन बेकरीत नानखटाई भाजून आणायला रांग लागायची. त्या डब्याचा जन्म इथलाच, शिवडीचा. हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा तिथला कारखाना १९३२चा, आणि डालडा नाव बाजारात आलं १९३७ साली. त्याआधी वनस्पती तूप हॉलंडहून यायचं. आयात करणाऱ्या ‘डाडा’च्या नावात लिव्हरने आपला ‘ल’ घुसवला, अशी कथा सांगतात.

डालड्यावर संशय पहिल्यापासून. साजुक तुपात त्याची भेसळ झाली तर पकडता यावी म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती. तपासणीत तिळामुळे लाल रंग येतो. खरा दोष मात्र पुढे कळला, ट्रान्स फॅटचा. १ जानेवारी २०२२पासून तेल-तुपात ते २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

हे सगळं उकरून काढलं ते भाचीसाठी. तिला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू कणभरही बाधतो. (गव्हाचा हा दोष ओळखणारे डॉ. डिकेही हॉलंडचेच! १९५० साली त्यांनी प्रबंधात मांडला.) वहिनी विचारत होती, मोहन कशाचं घालू? खरं तर साजुक तूप, लोणी, खोबरेल, अगदी डालडासुद्धा, ग्लुटेन कशातच नसतं. ते शिरतं आपल्या काटकसरीतून. शंकरपाळे तळून उरलेलं तूप गाळून दुसऱ्या पदार्थाच्या मोहनाला वापरणं ही आपल्या घरांची जुनी रीत. गाळणीने चुरा निघतो, पीठ नाही. पोळीला तूप लावलेला चमचा परत डब्यात जातो, तेही तसंच. म्हणून तिचा डबा वेगळा, चमचाही वेगळा.

बेसन-तांदळाच्या पिठाला आमच्या घरी साजुक तूपच मानवलं. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी, तुपात जवळजवळ नाहीच, त्यामुळे नानखटाई खुसखुशीत होते. तूप थिजलेलंच घ्यायचं आणि साखरेबरोबर पांढरं होईस्तोवर फेसायचं, म्हणजे हवा धरली जाते. पातळ तुपात ती ताटभर पसरते. डालड्याची पांढरीशुभ्र भुगभुगीत नानखटाई काही होत नाही, हे कबूल.

बेकरीची भट्टी तर बादच, तिथल्या हवेतसुद्धा मैदा. आणि बेसन गिरणीतून आणू नका, आधीचा घाणा गव्हाचा असतो. डाळ निवडून घरच्या मिक्सरवर दळायची, दोनदा चाळायची.