शनिवार तेल्यांचा करार

‘लेख लेखा’ या यहुदींच्या साप्ताहिक तोरा-पाठात अब्राहाम आपला देश सोडतो आणि आठव्या दिवशीच्या सुंतेचा करार स्वीकारतो. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने हा करार पोथीविना जपला. नवगावजवळ जहाज फुटले आणि धर्मग्रंथ बुडाले, असे त्यांची परंपरा सांगते. सुंता मुसलमान शेजाऱ्यांकडून घेतली असेल, असा आक्षेप निघू शकतो. पण नेमका आठवा दिवस आणि शनिवारच्या यहुदी विश्रांतिदिनी बंद राहणारा त्यांचा तेलाचा घाणा यांचा उलगडा त्याने होत नाही. त्या घाण्यामुळेच गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे सांगतात की अब्राहामासारखेच तेही नव्या भूमीत रुजले. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. करार मात्र त्याआधीच घराघरांत जिवंत होता.